मामांच्या मागचं नाव

माझ्या आत्याचा उजवा डोळा लहानपणीच गेला होता. बाभळीचा काटा लागला, कुणीतरी पाला चोळून बांधला, डोळ्यात फूल पडलं आणि ती बाजू कायमची बंद झाली. उरला डावा. त्याच्यावर तिने लग्न केलं, मेंढरं राखली, शेती केली, सुईत दोरा ओवला. ही हकीकत त्या डाव्या डोळ्याची आहे. तो माझ्या हातून गेला. कुणी "तुझी काय चूक त्यात" असं म्हणायला लागलं की माझं डोकं फिरतं. चूक माझीच आहे. ती कुठल्या ओळीवर आहे तेसुद्धा मला पाठ आहे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी बारामतीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. शिकवत होते म्हणजे काय, आज स्वतः शिकायचं आणि उद्या पुढच्या बॅचला सांगायचं. भिगवण रोडला एका दुकानाच्या माडीवर आमचा क्लास. चार मशिनं, त्यातली तीन चालू. चपला जिन्यातच काढायच्या, नाहीतर मशिनांना धूळ लागेल म्हणून सर ओरडायचे. सरांपेक्षा जास्त मी ओरडायची. पोरं मागे मला काय म्हणायची ते मला माहीत होतं, इथे लिहिण्यासारखं नाही.

बारामती आणि इंदापूर ह्या दोन्ही तालुक्यांत म्हाताऱ्या माणसांची मोतीबिंदूची ऑपरेशनं फुकट करून देणारी काही मंडळी होती. गावोगाव नावं नोंदवायची, आणि त्या भागाचं शिबिर लागलं की ज्याला त्याला पोस्टकार्ड पाठवून बोलवायची. सगळा कारभार वह्यांवर. वह्या इतक्या झाल्या की कोण राहिलं, कोण झालं, काही कळेना. आमच्या सरांनी मोठ्या मनाने "आम्ही प्रोग्राम लिहून देतो" असं कबूल केलं आणि काम माझ्या गळ्यात मारलं. मला तर तेच हवं होतं.

सी भाषेतली एक युक्ती मी तेव्हा नुकतीच शिकले होते आणि तिच्यावर पार लट्टू झाले होते. टेबलात, म्हणजे मशिनातल्या यादीत, नावं भरलेली असतात, एकाखाली एक. पहिल्या नावापासून शेवटच्यापर्यंत चालत जाणारं एक फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, लिहायचं. ते नुसतं चालतं. प्रत्येक नावापाशी थांबून करायचं काय, हे त्याला ठाऊक नसतं. ते आपण वेगळ्या फंक्शनात लिहायचं आणि ते फंक्शन चालणाऱ्याच्या हवाली करायचं. ह्या दुसऱ्याला कॉलबॅक म्हणतात. यादी छापायची असली तर छापणारं द्या, मोजायची असली तर मोजणारं द्या. चालणारं एकच. आता ह्यात न कळण्यासारखं काय आहे? पण वर्गात कुणाच्या डोक्यात शिरेल तर शपथ. शेवटी मी खडू ठेवला आणि मामांची मेंढरं सांगितली.

मामा म्हणजे आत्याचे यजमान. आमच्याकडे आतोबांना मामाच म्हणतात. राहायला इंदापूर तालुक्यात, कळंबला. आमच्या सगळ्याच गोतात पूर्वी मेंढरं होती, मग एकेकाने विकली आणि ऊस लावला. मामांनी सगळ्यात शेवटी विकली. माझ्या लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याकडे असायची. जाळीच्या कुंपणाला एक बारीक तोंड ठेवलेलं असायचं, तिथे मामा गुडघा रोवून बसायचे आणि एकेक मेंढरू त्यांच्या हाताखालून बाहेर पडायचं. एखाद्या दिवशी नुसतं मोजायचं. एखाद्या दिवशी पाठीवर रंगाचा पट्टा ओढायचा. रोग आला की तोंड उघडून औषध पाजायचं. मेंढरांची वाट रोजची तीच, हाताचं काम तेवढं निराळं. हे सांगितल्यावर वर्गाला झटक्यात कळलं. दोन मुली मेंढपाळांच्याच घरातल्या होत्या, त्या तोंडाला ओढणी लावून हसायला लागल्या. त्या दिवशी मी अगदी हवेत होते.

दिवाळीत कळंबला गेले तेव्हा मामा-आत्याची नावं मी स्वतः लिहून आणली. मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मी दारात उभी, तर म्हणाले, "कोण हाय? आवाज दे की." आत्याच्या एकुलत्या डोळ्यावरही साय धरायला लागली होती. मूलबाळ नव्हतं, शेजारच्या घरात दीर-जाऊ. दोघं एकमेकांना धरून चालायची आणि वर एकमेकांना चिडवायची.

मी कागद काढला तसे मामा म्हणाले, "आधी माझं नाव घाल, मागनं हिचं. मी आधी झोपून बघतो त्या टेबलावर. न्हाय तर ही बया भिऊन पळून यील."

"व्हय, व्हय," आत्या म्हणाली, "कोण पळतंय त्ये बघू. सुई टोचायची म्हणलं तर तोंड कसं हुतंय तुमचं, ते ठाव हाय मला."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझं लगीन हाय ना वैशाखात? त्याच्या आदी करा म्हणावं. मला तुझं तोंड नीट बघायचंय नवरी झाल्यावर."

माझं लग्न ठरलेलं होतं. मी म्हटलं, करतील गं, माझ्याच हातात आहे सगळं. आणि बारामतीला येऊन नावं भरली. आधी मामा, त्यांच्या खाली आत्या.

मार्गशीर्षात मामा गेले. सकाळी अंगणात तोंड धूत होते, तिथेच बसले आणि गेले. आम्ही सगळे धावलो. दहाव्याला मी आत्याजवळ बसले होते. तिचं कपाळ पुसलेलं, हात मोकळे. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी उगाच चुलीपाशी बायकांवर खेकसत राहिले.

पौषात इंदापूरकडच्या शिबिराची कार्डं काढायची वेळ आली. मंडळींनी एक गोष्ट बजावून सांगितली होती. मागच्या खेपेला एका वारलेल्या माणसाच्या नावाने कार्ड गेलं, आणि ते वाचून घरात पुन्हा रडारड झाली. तेव्हा आधी मयत माणसांची नावं काढा. योग्यच होतं. मी टेबलात मयतासाठी एक खूण ठेवली आणि कॉलबॅक लिहिला. नावापुढे खूण असली तर नाव काढून टाक, नसली तर पत्त्याची चिठ्ठी छाप. एकाच फेरीत दोन्ही कामं. काय ती हुशारी माझी! आधी पाच खोटी नावं घालून तपासलं, त्यातलं शेवटचं मयत धरलं. अगदी बरोबर चाललं. शेवटचं नाव काढलं तर त्याच्या मागे कुणी नसतंच, एवढं साधं माझ्या टाळक्यात आलं नाही.

मामांच्या नावापुढे खूण मीच केली. डोळे भरून आले, नाही असं नाही. मग प्रिंटर लावला. करकर करत चिठ्ठ्या निघाल्या, वर्गातल्या मुलींनी त्या कार्डांवर चिकटवल्या, आणि गठ्ठा पोस्टात गेला. आत्याचं कार्ड मी शोधलं नाही. कशाला शोधू? नाव मी घातलेलं, पत्ता मी घातलेला, प्रोग्राम माझा.

शिबिर झालं. माझ्या लग्नाची खरेदी, रजा, वर्गाची परीक्षा, ह्या गडबडीत मी कळंबला गेले नाही. तात्यांना, म्हणजे माझ्या वडलांना, एकदा विचारलं, तर ते म्हणाले, "बरी हाय तुझी आत्या." झालं. मी धरून चालले.

वैशाखात माझी हळद. आत्या आदल्या दिवशीच आली होती आणि मागच्या कोठीच्या खोलीत लसूण सोलत बसली होती. मी हाक मारायला गेले. "आत्या, बाहेर ये ना. तूच पहिली हळद लाव." ती काही बोलायच्या आत चुलती दारातून म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. लोकं काय म्हणतील. तिला तरी बरं वाटंल का?" एरवी मी शब्दाला शब्द देणारी. मांडववाल्याशी सकाळीच भांडून आले होते. पण त्या वेळी मला ते बरोबर वाटलं नव्हतं, आणि तरी मी गप्प बसले. आत्याने माझ्या गालावरून, नाकावरून, कपाळावरून बोटं फिरवली. "जा बाय, वाट बघत्यात," म्हणाली. मला वाटलं, तिला मामांची आठवण येतेय. तिच्या डोळ्याचं मी विचारलंसुद्धा नाही.

पुढच्या मार्गशीर्षात मामांचं वर्षश्राद्ध. कळंबला पंगत बसली होती. आत्या तांब्या घेऊन पाणी वाढत आली आणि माझ्या फुलपात्राच्या शेजारी जमिनीवर ओतायला लागली. पाणी पत्रावळीखाली शिरलं. मी चिडले. हो, मी तिच्यावर चिडले. "अगं, काय करतेस? ऑपरेशन झालं ना तुझं? मग औषधाचे थेंब नाही का घातलेस? एवढं करून दिलं, तर जपायचं नाही!"

पंगत थांबली. आत्या तांब्या छातीशी धरून उभी राहिली.

"माझं कुठलं ऑपरेशन, पोरी? मला कार्ड न्हाय आलं."

"आलं नाही? आणि वर्षभर गप्प बसलीस? कुणाला सांगायचं नाही?"

"काय सांगायचं त्यात. तुझं मामा गेलं न्हवं का," ती म्हणाली आणि पुढच्या माणसाला वाढायला गेली.

मला वाटलं, मामा नव्हते, म्हणून चौकशी करणारं कुणी नव्हतं, असं तिला म्हणायचंय. पोस्टाला शिव्या घालतच मी बारामतीला आले. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लास उघडला आणि फ्लॉपी घातली. आत्याचं नाव टेबलात होतं. पत्ताही बरोबर होता. पण छापलेल्या चिठ्ठ्यांची जी नक्कल ठेवली होती, तिच्यात ती नव्हती.

मग मी पेन्सिल घेऊन कागदावर प्रोग्राम हाताने चालवला. समजा मामा सातवे, आत्या आठवी. चालणारं फंक्शन सातव्यापाशी आलं, कॉलबॅकने मामांना काढलं. मधली जागा रिकामी राहू नये म्हणून खालची सगळी नावं एकेक घर वर सरकली. आत्या सातवी झाली. चालणाऱ्याला ह्यातलं काही माहीत नाही. त्याचं सातवं झालं होतं, ते निघालं आठव्याकडे. तिथे आता आत्याच्या खालचं नाव आलं होतं. आत्यापाशी कुणी थांबलंच नाही.

मामा हे मला पूर्वी म्हणाले होते. एकदा मोजणी चालू असताना एक लंगडतं मेंढरू दिसलं, मी ते ओढून बाजूला घ्यायला गेले, तर मामांनी माझा हात धरला. "मोजता मोजता काढायचं न्हाय. आपण एकाला उचलाय वाकलं की मागचं गुमान निसटतंय. नुसती खूण करायची, समदी गेली की मग मागं फिरायचं." शिकल्यासवरल्या माणसाने पुस्तकात शोधावा असा नियम अंगठा उठवणाऱ्या माणसाने मला मी परकर-पोलक्यात असताना सांगितला होता, आणि मी त्याच्याच नावावर तो मोडला.

सरांना सांगितलं. ते ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "प्रत्येक मयत नावाच्या मागचं नाव काढ." काढली. बारा-पंधरा होती. ती मी एकेक करून वाचत गेले. नवऱ्याच्या मागे बायको, थोरल्या भावाच्या मागे धाकटा, आईच्या मागे लेक. नाव नोंदवायला माणसं घरची मिळूनच येतात ना! म्हणजे ज्या घरातलं माणूस गेलं होतं, नेमकं त्याच घरातलं दुसरं माणूस मी टाळून पुढे गेले होते. आणि अकरा महिने एकाचीही तक्रार नाही. हे मला समजेना. असं कसं कुणी विचारलं नाही?

सरांच्या स्कूटरवरून आम्ही घरोघर जायला लागलो. पहिलं घर कळंबच्याच वाटेवरच्या एका गावात होतं. तिथे ज्यांचा थोरला भाऊ वारला होता, ते आबा ओट्यावर बसले होते. मी विचारलं, कार्ड आलं नाही तर कळवलं का नाही? ते सहज म्हणाले, "घरात मयत झाली, म्हणून आमास्नी गाळलं आसंल. तसंच आसतंय की." पुढच्या घरी एका म्हातारीने तर मलाच समजावलं. "नवरा गेल्यावर बाईला कोण बोलावतंय? आमी काय मनाला लावून घेतलं न्हाय." प्रत्येक घरात उत्तर आधीच तयार होतं. माझी चूक त्या तयार उत्तरावर वर्षभर सुखाने जगली होती. आणि दुसऱ्याला काय नावं ठेवू? माझ्याच हळदीत आत्या कोठीच्या खोलीत होती.

त्या सगळ्यांची नावं पुढच्या शिबिरात पहिली लागली. बहुतेकांना दिसायला लागलं, उशिरा का होईना. पण शिबिराची वाट न बघता आत्याला मी त्याच आठवड्यात बारामतीला आणलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला अंधाऱ्या खोलीत नेलं, बराच वेळ तपासलं, आणि बाहेर येऊन मला म्हणाले की मोतीबिंदू पिकून डोळ्यातला दाब वाढला होता, त्यात नस मेली. आता काढून काही उपयोग नाही.

"आजी, दुखलं नाही का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"दुखलं की. उन्हाळ्यात लई ठणकलं. डोस्कं फुटंल आसं वाटायचं."

"मग दाखवायचं नाही कुणाला?"

"हिचं लगीन हुतं. लग्नघरात कुठं रडगाणं सांगायचं."

बाहेर आवारात एक बाकडं होतं, तिथे मी तिला बसवलं. चहा आणून तिच्या हातात दिला. ती घोट घोट पीत होती आणि मी सांगत होते. पोस्टाची चूक नव्हती, मंडळींची नव्हती, माझी होती. मामांचं नाव काढताना तुझं निसटलं. तसं करायचं नसतं, मला माहीत होतं, तरी केलं. तुझा डोळा मी घालवला, आत्या. मार मला, शिव्या दे, काहीतरी कर.

तिने कप खाली ठेवला. चाचपडत माझा हात शोधला.

"म्हंजी माझं नाव कुणी काढलं न्हवतं?"

"नाही गं. होतं यादीत. आजही आहे."

"तू बी न्हाय काढलंस?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. "मी कशाला काढीन?"

"मला वाटलं, तूच काढलंस," ती म्हणाली. "मामा गेलं, तुझ्या लग्नाचं शुभकार्य तोंडावर. म्हणलं, पोरीनं इचार करूनच काढलं आसंल. तुझ्यावर राग न्हवता बाय माझा. पर वरीसभर लई लागलं मनाला."

म्हणजे तो लसूण तिने हे पोटात ठेवून सोलला होता. मी तिचं नाव पुसलं, असं धरून ती माझ्या लग्नाला आली, माझ्या तोंडावरून हात फिरवला, आणि मला आशीर्वाद दिला. मी तिथेच बाकड्यावर ओक्साबोक्शी रडायला लागले. येणारी-जाणारी माणसं बघत होती. आत्या माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि तिचं तोंड मी वर्षभरात बघितलं नव्हतं इतकं फुललं होतं. हसत होती ती.

"गप, गप. डोळ्याचं काय घिऊन बसलीस. नाव हुतं ना माझं? आता गावाकडं गेल्या गेल्या जावंला सांगती," ती म्हणाली. "ती म्हणायची, भाचीनं बी टाकलं तुला. आता सांगती तिला."

एसटीत बसल्यावरही ती तेच सांगत होती. शेजारच्या अनोळखी बाईलासुद्धा तिने सांगितलं की माझं नाव यादीत हाय, माझ्या भाचीनं सोता घातलंय. ती बाई माझ्याकडे बघून कौतुकाने हसली. मी खिडकीकडे तोंड केलं. आत्या त्यानंतर बरीच वर्षं जगली, आणि त्या डोळ्यावरून तिने मला कधी एका शब्दाने दुखवलं नाही. तिने एकदा तरी दुखवायला हवं होतं.